धर्म आडवा आला का?

ऑफिसात डबा उघडला की, लग्नाच्या मांडवात, एकदा तर बाजारात वांगी निवडताना हा प्रश्न मला गाठतो. "पैसे होते, वय होतं, मुंबई हाकेच्या अंतरावर. मग टेस्ट ट्यूब का नाही केलंत? चर्चने अडवलं का?" विचारणाऱ्यांना माझ्या तपासण्या आणि ऑपरेशनं तोंडपाठ असतात, तेव्हा ती पुन्हा सांगत नाही.

चर्चने अडवलं नाही. कुणी फादर आमच्या दारात येऊन उभे राहिले नाहीत. शिकवण आहे, आणि ती मला चांगली ठाऊक होती, कारण आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, लग्न ठरलेल्या जोडप्यांचा जो वर्ग होतो, त्यात मी काही वर्षं बोलायचे. 1968 मध्ये पोप सहावे पॉल यांनी 'हुमाने विते' या पत्रात सांगितलं की नवरा-बायकोची जवळीक आणि नवा जीव यांची गाठ माणसाने सोडायची नाही. म्हणून गोळ्या नकोत, साधनं नकोत. दिवस ओळखून संयम पाळायला हरकत नाही. 1987 च्या 'दोनुम विते' या व्हॅटिकनच्या पत्रकात तीच गाठ दुसऱ्या टोकाने धरली: जवळीक वगळून मूलही नको. औषधं घ्या, इंजेक्शनं घ्या, नळ्यांचं ऑपरेशन करा, शरीराला मदत होईल ते सगळं करा. फक्त नवरा-बायकोची जागा प्रयोगशाळेने घ्यायची नाही. आणि गर्भ पहिल्या क्षणापासून माणूस समजून वागवायचा. हे सगळं मी वर्गात दहा मिनिटांत उरकायचे. पुढच्या बाकावरच्या मुली खाली बघून हसायच्या.

ती वर्गातली मी आज भेटली तर तिला विचारीन, बाई, पाळी चार दिवस लांबल्यावर मनातल्या मनात नाव ठरवणं आणि पाचव्या दिवशी न्हाणीत नळ सोडून रडणं तुला माहीत आहे का? ती म्हणेल, कुणाच्या रडण्यावर शिकवण ठरत नसते. तिचं म्हणणं खोटं नाही, म्हणून तर तिचा राग येतो.

सासूबाई दर सप्टेंबरात मोत माउलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेला वांद्र्याला जायच्या. आठ सप्टेंबर हा मरियामातेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते. तिथल्या दुकानांत मेणाच्या वस्तू मिळतात. पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा, घर हवं त्याने मेणाचं घर, मूल हवं त्याने मेणाचं बाळ. आमच्या हिंदू शेजारणीही नेमाने जातात. सासूबाईंनी वाहिलेली बाळं एकत्र बसवली असती तर बालवाडी भरली असती. माझी एक मैत्रीण म्हणाली, "तुमच्यात मेणाचं बाळ चालतं, काचेतलं चालत नाही." टोमणा झकास आहे, मीही हसले. मग घाईघाईने तिला समजावलं की मेणाचं बाळ ही नुसती मागणी. देणारा नाही म्हणू शकतो, आणि मूल हा कुणाचा हक्क नाही, असं आमचा धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. पण टेस्ट ट्यूबवाले तरी कुठे हक्काने घेऊन जातात? तिथे रांगेत बसलेल्या बायकाही हात जोडूनच बसलेल्या असतात.

मी पाहिल्या आहेत त्या. हो, आम्ही गेलो होतो. चर्चमधल्या बायकांना हे माहीत नाही, म्हणून त्या माझ्या श्रद्धेचे गोडवे गातात.

क्लिनिक मुंबईतलं, एसी कडक. रक्ताचे रिपोर्ट झाले, सोनोग्राफी झाली, खर्चाचा कागद हातात आला. तोवर मला काहीच वाटलं नव्हतं; उलट हलकं वाटत होतं, कुणीतरी आता आपलं ओझं उचलतंय असं. मग समुपदेशक मुलीने संमतीचे फॉर्म पुढे ठेवले. एका पानावर होतं, उरलेल्या गर्भांचं काय करायचं: गोठवून ठेवणे, संशोधनाला देणे, नष्ट करणे. पुढे चौकोन. 2021 च्या कायद्याप्रमाणे दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, असंही तिने सांगितलं. यांनी खिशातून पेन काढलं आणि माझ्याकडे पाहिलं.

मी विचारलं, "उरलेले म्हणजे किती?"

"ते आत्ता सांगता येत नाही. सहा, आठ. जास्त असले तर चांगलंच ना मॅडम."

मी म्हटलं, मला यातल्या कुठल्याच चौकोनात खूण करता येणार नाही. मुलगी गोंधळली आणि डॉक्टरांना बोलावून घेऊन आली. डॉक्टर चिडतील असं वाटलं होतं, ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "ठीक आहे. आपण दोनच अंडी फलित करू. जेवढे गर्भ तयार होतील तेवढे आत सोडू. काही उरणारच नाही. यश मिळायची शक्यता कमी होईल, पण तुमच्या मनाविरुद्ध काही होणार नाही."

आता सांगा. माझी हरकत त्या माणसाने दोन मिनिटांत, इतक्या सभ्यपणे दूर केली होती. उरला होता फक्त 'दोनुम विते'तला तो दुसरा मुद्दा, जवळीकीचा, जो मी वर्गात सगळ्यात भरभर सांगायचे, कारण तो मला स्वतःलाच कधी पुरता पटला नव्हता. आणि तरी मी "नको" म्हणाले. हे पेनाचं टोपण लावून उठले. विरार लोकलमध्ये आम्ही भाईंदरची खाडी ओलांडेपर्यंत एक शब्द बोललो नाही, आणि नंतर बोललो ते रात्री भात लावायचा की नाही, एवढंच.

तेव्हा "धर्म आडवा आला का" याला मी हो म्हणू की नाही? हो म्हटलं तर तुम्ही मला बिचारी ठरवता, नाही म्हटलं तर विचारता, मग का? भीती होती का? असेल. इंजेक्शनांची, कर्जाची, सगळं करून रिकाम्या हाताने परतण्याची. लहानपणापासून रोज संध्याकाळी म्हटलेली जपमाळ कुठे संपते आणि माझी मर्जी कुठे सुरू होते, ते मला वेगळं काढून दाखवता येत नाही. तुम्हाला तुमचं येतं का?

माझ्या चुलतबहिणीने केलं, तिला मुलगा झाला. त्याचा बाप्तिस्मा आमच्याच चर्चमध्ये झाला आणि गॉडमदर मीच. "मग तो पापाचा का?" असं मला विचारू नका, संताप येतो. मूल कसंही आलं तरी ते देवाचं दान म्हणूनच स्वीकारायचं, हे त्याच 'दोनुम विते'त लिहिलंय. 1978 मध्ये इंग्लंडात पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, तेव्हा व्हेनिसचे कार्डिनल लुचियानी यांनी त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि म्हणाले, तिच्या आईबापांना दोषी ठरवायचा मला अधिकार नाही. शिकवणीशी त्यांचा वाद नव्हता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते पोप झाले, पहिले जॉन पॉल, आणि तेहतीस दिवसांत वारले. अजून जगले असते तर काय म्हणाले असते, हा विचार मी नको तितक्या वेळा करते. बहुधा तेच म्हणाले असते जे बाकीचे म्हणाले.

यानंतर तुमचा पुढचा प्रश्न दत्तकाचा असतो. आमच्या आईबापांच्या काळी ख्रिस्ती जोडप्याला कायद्याने फक्त पालकत्व मिळायचं. आता बालन्याय कायद्याखाली रीतसर दत्तक घेता येतं, चर्चचाही त्याला आशीर्वाद आहे. माझी तयारी आहे. यांचं काय, ते यांनाच विचारा. मी विचारलं की हे अंगणात जाऊन केळीला पाणी घालतात.