बर्डीचा खडक आणि खांदेरीचे बेट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत माजी विद्यार्थ्यांनी शाळेच्या आठवणी लिहाव्यात, असा संपादक मंडळाचा आग्रह आहे. मैदान, घंटा, स्नेहसंमेलन आणि दहावीचा निकाल यांविषयी माझे वर्गमित्र माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मी मात्र रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात उभ्या असलेल्या खांदेरी या लहानशा खडकाळ बेटाविषयी लिहिणार आहे. हा विषय शाळेबाहेरचा वाटेल, पण या बेटाकडे पाहण्याची दृष्टी मला आपल्या शाळेतील भूगोलाच्या तासाने दिली आणि त्या ऋणाचा उच्चार करण्यासाठी याहून योग्य जागा मला सापडणार नाही.

आम्हांला भूगोल शिकवणाऱ्या बाई पुस्तकातला नकाशा उघडण्याआधी गावातली एखादी जागा दाखवीत. समुद्रसपाटी म्हणजे काय, हा धडा त्यांनी झिरो माइलपाशी नेऊन शिकवला. चार दगडी घोडे आणि वालुकाश्माचा तो खांब नागपूरकरांच्या रोजच्या वाटेवरचा आहे, पण त्याच्याजवळच्या दगडावर या जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची कोरलेली आहे, याकडे आमच्यापैकी कोणीही कधी लक्ष दिले नव्हते. आपले शहर सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे, हे आम्हांला पाठ होते. ती उंची नेमक्या कोणत्या पाण्यापासून मोजली, असा प्रश्न बाईंनी विचारला तेव्हा वर्ग गप्प झाला. मग त्यांनी सांगितले, की समुद्र एका पातळीवर कधीच थांबत नाही, म्हणून देशाच्या किनाऱ्यावर नऊ ठिकाणी भरती-ओहोटीच्या नोंदी वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या, त्यांच्या सरासरीवरून शून्य पातळी ठरली आणि तिथून पायरीपायरीने मोजत सर्वेक्षक देशाच्या मध्यापर्यंत आले. त्या नऊ ठिकाणांत मुंबई होती. समुद्र न पाहिलेल्या मुलांच्या गावाचे माप समुद्राच्या पाण्यातून निघाले आहे, ही गोष्ट मला त्या वयात फार मोठी वाटली आणि आजही वाटते.

दुसरा धडा सीताबर्डीच्या टेकडीवरचा. १८१७ च्या लढाईमुळे बर्डीचा किल्ला इतिहासाच्या पुस्तकात येतो. तो लष्कराच्या ताब्यात असल्याने ठरावीक राष्ट्रीय दिवशीच नागरिकांसाठी उघडतो. एका २६ जानेवारीला झेंडावंदन आटोपल्यावर बाई आम्हांला तिथे घेऊन गेल्या. आम्ही तोफा शोधत होतो आणि त्या आम्हांला पायाखालचा काळा दगड पाहायला सांगत होत्या. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांमधून लाव्हा वाहिला, त्याचे थरावर थर साचले आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्याखाली गेला. सह्याद्रीकडे या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते, पूर्वेकडे ती कमी होत जाते आणि नागपूरच्या आसपास हे थर संपतात. शहराच्या पश्चिमेला काळा बेसाल्ट आहे, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने पट्टिताश्म (नाइस) हे पट्ट्यापट्ट्यांचे खडक आहेत, तर कामठीकडे वालुकाश्म आणि कोळसा आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये गोड्या पाण्याच्या तळ्यांत साचलेला गाळही इथे सापडतो. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय आपल्या शहरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टाकळी आणि बर्डीच्या परिसरात या थरांचा आणि त्यांतल्या शंखशिंपल्यांच्या अवशेषांचा अभ्यास केला होता. आपण ज्या खडकावर उभे आहोत त्याचे पूर्वेचे टोक हे, आणि पश्चिमेकडे तो समुद्रात उतरतो, असे सांगून बाईंनी त्या दिवशीचा पाठ संपवला.

पुढे भूजलाच्या कामात माझी नोकरी झाली आणि बेसाल्टच्या भेगांमधले पाणी शोधण्यात आयुष्य गेले. त्या कामामुळे विदर्भातील आणि मराठवाड्यातील अनेक गावे पाहिली, पण समुद्रात उतरणारे ते दुसरे टोक पाहायचे बरीच वर्षे राहून गेले. ते पाहण्याचा योग आला तो थळच्या किनाऱ्यावर.

रेवसकडून अलिबागला जाताना आधी खाडीची जमीन लागते. तिवरांची दाट हिरवी रांग, तिच्या मागे खारे पाणी अडवणारे मातीचे बांध आणि बांधांच्या आत भाताची खाचरे, अशी ही रचना आहे. बांध फुटला आणि भरतीचे पाणी आत शिरले की शेत काही वर्षांसाठी नापिकीला जाते, त्यामुळे गावे बांधाची राखण जीवापाड करतात. मी गेलो तेव्हा भात कापून झाले होते आणि अलिबागचा प्रसिद्ध पांढरा कांदा शेतात उभा होता. थळजवळ नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे खत कारखान्याची धुराडी आणि किनाऱ्यावर वलांड्यांवर, म्हणजे मासळी सुकवण्याच्या मांडवांवर, ओळीने वाळत घातलेले बोंबील, हे सारे एकाच दृष्टिक्षेपात येते. उत्तरेला जवळच किहीम आहे, जिथे सालिम अली यांनी सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांचे निरीक्षण केले. कोकणची चित्रे काढणारे लोक यातला कारखाना वगळतात. मला तसे करणे योग्य वाटत नाही, कारण हा किनारा कामाचा आहे आणि समोरची बेटेही कामासाठीच वसली.

किनाऱ्यावरून दोन बेटे दिसतात. जवळचे, बसके ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर, एक उंच आणि एक ठेंगणी अशा दोन टेकड्यांचे खांदेरी. उंच टेकडीवर १८६७ साली बांधलेले अष्टकोनी दीपगृह आहे. इथून मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले प्राँग्ज दीपगृह उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर येते, म्हणजे मुंबईहून दक्षिणेला निघालेले जहाज या बेटाच्या नजरेतून सुटत नाही. बेटाचा पुढचा सगळा इतिहास या एका अंतरात आहे.

होडी कधी सोडायची, हे घड्याळावर ठरत नाही. आमच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या प्रमुखाने, मला तिथी विचारली, कारण किनाऱ्यावर भरतीची वेळ तिथीवरून काढतात. तिथीला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा येतो, एवढे खगोलशास्त्र या हिशेबात सामावलेले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या भागात पाणी ४ ते ५ मीटर चढते आणि उतरते. अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, हा फरक बराच कमी असतो. झिरो माइलच्या दगडावर ज्या पाण्याची सरासरी कोरली आहे ते पाणी प्रत्यक्षात एका दुपारी दुमजली घराच्या निम्म्या उंचीइतके हलते, हे होडीत बसून पाहताना बाईंची आठवण झाली नसती तरच नवल.

दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागासमोर, किनाऱ्याच्या बाजूला, होड्या लागण्याची जागा आहे. तिथे उतरल्यावर मी प्रथम तट न पाहता तटाखालचे खडक पाहिले. ओहोटी होती, त्यामुळे खडकावरचे पट्टे स्पष्ट दिसत होते: वर नुसता कोरडा काळा दगड, त्याखाली बारीक गोगलगायी, मग धारदार कालवांचा पांढुरका थर आणि सर्वांत खाली, फार थोडा वेळ उघडे पडणारे, शेवाळाने निसरडे झालेले खडक. कोणता जीव किती वेळ पाण्याबाहेर तग धरू शकतो, त्यावर हे पट्टे ठरतात. दगड मात्र आपला, बर्डीचाच: तोच काळसर रंग, फोडला की तसाच बारीक कण. सह्याद्रीच्या कड्यांमध्ये लाव्हाचे थर आडवे दिसतात. पनवेल-अलिबागच्या पट्ट्यात ते पश्चिमेकडे कलतात आणि पाण्याखाली जातात. मात्र खांदेरी हे या थरांचे शेवटचे टोक म्हणता येणार नाही. मुंबई हायच्या तेलक्षेत्रातही चुनखडीच्या खाली हाच बेसाल्ट लागतो. आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अखेरच्या खडकांपैकी हा एक, एवढेच म्हणणे बरोबर होईल.

तटाभोवती पाण्यात मोठमोठे दगड टाकलेले आहेत. लाट आधी त्यांच्यावर फुटते आणि तटापर्यंत पोहोचेतो तिचा जोर गेलेला असतो. या दगडांवर कालवे बसली, त्यांच्या कवचांनी दगड एकमेकांना धरून राहिले आणि त्यांच्या धारांमुळे अनवाणी माणसाला तिथे पाऊल टाकणेही अवघड झाले. तटाचा बराचसा भाग चुन्याशिवाय, नुसते दगड एकमेकांत बसवून रचलेला आहे. माझ्या मते त्याच्या टिकण्याचे हे महत्त्वाचे कारण आहे, कारण आत शिरलेल्या पाण्याला फटींतून परत जायला वाट मिळते आणि पाण्याचा दाब भिंतीच्या पोटात साठत नाही. भूजलाचे काम करताना विहिरींच्या बांधकामात मी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे. म्हणून या तटाची डागडुजी करताना फटींत सिमेंट भरू नये, असे मला कळकळीने वाटते.

शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतले ते ऑगस्ट १६७९ मध्ये, म्हणजे ऐन पावसाळ्यात, जेव्हा परक्यांची जहाजे बंदर सोडायला धजत नव्हती. कामावर मायनाक भंडारी होते आणि आरमार दौलतखानाकडे होते. मुंबईकर इंग्रजांनी सप्टेंबरात बेटाला वेढा घालण्याचा प्रयत्न केला. पहिल्याच चकमकीत त्यांचा एक अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांच्या गलबतांनी किनाऱ्याकडून अचानक मुसंडी मारली आणि इंग्रजांचे डोव्हर हे गुराब जातीचे लढाऊ जहाज पकडले. मिंचिन आणि केग्विन या इंग्रज अधिकाऱ्यांचे रिव्हेंज हे मोठे जहाज लढत राहिले, पण रसद तोडणे त्यांना जमले नाही. त्याचे कारण पुन्हा भूगोलातच आहे. किनारा आणि बेट यांच्यामधले पाणी उथळ आणि खडकांनी भरलेले. जड जहाजांना तिथे शिरणे धोक्याचे आणि हलक्या होड्यांना मात्र रात्रीच्या भरतीवर सहज शक्य. तोफा चालू असताना होड्यांतून धान्य आणि माणसे येत राहिली, तट चढत राहिला आणि जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला. त्याच सुमारास सिद्दी कासमने उंदेरी ताब्यात घेऊन तिथे तोफा चढवल्या आणि ही दोन शेजारची बेटे दीर्घकाळ एकमेकांवर मारा करत राहिली. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७१८ साली, मुंबईचे गव्हर्नर बून यांनी खांदेरीवर केलेला हल्लाही फसला. शाळेत आम्ही लढाया आणि खडक निरनिराळ्या वह्यांत लिहिले. खांदेरीवर दोन्हींची वही एकच आहे.

बेटावर आणखी पाहण्यासारखे आहे. चाकांच्या लोखंडी गाड्यांवर बसवलेल्या तोफा अजून आहेत. एक मोठा दगड वाजवला की धातूसारखा नाद देतो, आणि येणारा प्रत्येक जण तो वाजवून पाहतो. वेताळाच्या देवळात एक भली मोठी शिळा पुजली जाते. किनाऱ्यावरच्या कोळी समाजाची तिच्यावर गाढ श्रद्धा आहे आणि होळीच्या सुमारास ते होड्या घेऊन दर्शनाला येतात. मला सर्वांत जास्त वेळ थांबवले ते पाण्याच्या साठ्यांनी. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणारी टाकी. अलिबागला वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे आपल्या नागपूरच्या जवळजवळ दुप्पट. पण तो चार महिन्यांतच पडून जातो आणि बेटाला वरून येणारा एकही ओढा नाही. उरलेले आठ महिने पहारा टिकायचा तर या टाक्यांवरच, आणि घट्ट बेसाल्ट पाणी झिरपू देत नाही म्हणूनच ती टाकी पाणी धरतात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची मालिका जागतिक वारसा यादीत घेतली. तिच्यात रायगड, शिवनेरी, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर खांदेरीही आहे. यामुळे तिथे जाणाऱ्यांची संख्या वाढेल, म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. नववीच्या विद्यार्थ्यांची सहल एकदा थळला न्यावी. पावसाळा आणि मासेमारी बंदीचे जून-जुलै टाळून, समुद्र शांत असतो अशा डिसेंबर-जानेवारीत जावे. निघण्याआधी मुलांना बर्डीची टेकडी आणि झिरो माइलचा दगड दाखवावा, पंचांगातून तिथी काढून भरतीची वेळ त्यांच्याकडूनच काढून घ्यावी, आणि ओहोटीला खडकांवर उतरणार असतील तर पायांत जाड तळव्यांचे बूट घालायला लावावेत. खडक फोडू नये, कालवे खरवडू नयेत, तटावर नावे कोरू नयेत, हे गाडीतच सांगून ठेवावे. भूगोल आणि इतिहास शिकवणाऱ्या दोन्ही शिक्षकांनी सोबत असावे. सहलीच्या खर्चातला माझा वाटा मी कार्यालयात जमा करीन.