उत्सिरा बेटावर रहिवासी म्हणून नाव नोंदवताना

पतीच्या नोकरीमुळे मी पुण्याहून थेट उत्सिरा या नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यापलीकडील बेटावर राहायला आले. हाउगेसुंद बंदरातून बोटीने सव्वा तासाच्या आसपास लागणारे हे बेट म्हणजे एक स्वतंत्र नगरपालिका आहे. क्षेत्रफळ जेमतेम ६ चौरस किलोमीटर आणि वस्ती दोनशेच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येने देशातील सर्वांत लहान.

नॉर्वेत सहा महिन्यांहून अधिक काळ राहायचे असल्यास आल्यापासून ८ दिवसांच्या आत लोकसंख्या नोंदवहीत कळवावे लागते. ही नोंदवही कर विभाग सांभाळतो, याचे मला आधी नवल वाटले. ओळख पटवण्यासाठी पासपोर्ट, निवास परवाना आणि विवाहाचा दाखला घेऊन स्वतः हजर राहावे लागते, आणि त्यासाठी मुख्य भूमीवर जाण्यावाचून गत्यंतर नसते. बेटाला उत्तरेस एक आणि दक्षिणेस एक अशी दोन बंदरे आहेत. वारा कोणत्या बाजूचा आहे हे पाहून बोट कुठे लावायची ते ठरते. वादळ फारच असले, तर बोटच सुटत नाही. आमची पहिली वेळ अशीच हुकली. दुसरी मात्र विनासायास मिळाली.

प्रत्यक्ष तपासणी थोडक्यात आटोपली. काही आठवड्यांनी टपालाने ११ अंकी ओळख क्रमांक आला. त्यातले पहिले ६ अंक जन्मतारखेचे असतात. बँक खाते असो वा ठरावीक डॉक्टर, पुढचे सारे या क्रमांकावर चालते.

आपल्याकडे जनगणनेला प्रगणक दारोदार फिरतात. इथे मात्र २०११ ची जनगणना सर्वस्वी नोंदवह्यांवरून झाली, आणि दरवर्षी १ जानेवारीचा लोकसंख्येचा आकडाही नोंदवहीतूनच निघतो. दोनशेच्या वस्तीत एक माणूस म्हणजे अर्धा टक्का, आणि सरकारी अनुदान ठरवताना लोकसंख्या धरली जात असल्यामुळे, नोंद झाली का हे शेजारी मला इतक्या आस्थेने का विचारत होते ते उलगडले. ही नगरपालिका १९२४ मध्ये वेगळी झाली, आणि लगेच पुढच्या वर्षीच्या निवडणुकीनंतर ओसा हेल्गेसेन या सुईणीकडे तिचे प्रमुखपद आले; नॉर्वेतल्या त्या पहिल्या महिला महापौर. एवढ्याशा वस्तीने आपला कारभार आजही स्वतःकडे ठेवला आहे, आणि त्या कारभाराच्या हिशेबात आता आम्ही दोघेही आहोत.