आत्याशी एवढं काय बोलता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. घरी येणारा-जाणारा हमखास म्हणतो, "आत्याशी तुम्ही दुपारभर बोलता तरी काय? आमच्याकडे 'जेवलात का, गोळ्या घेतल्यात का' एवढ्यावर विषय संपतो."

माझी आत्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातली. पंचाहत्तरी कधीच ओलांडलेली. "तुमच्या काळी कसं होतं?" असं तिला विचारा, ती म्हणेल, "कसं असणार? होतं तसंच." आणि गप्प. अख्खा जन्म एका दमात सांगा म्हटलं तर कुणीही गप्पच बसेल. म्हणून मी तिच्या हातच्या कामाचं विचारतो. शेंगा फोडायला तिच्याजवळ बसायचं, ज्या कानाने ऐकू येतं त्या बाजूला, आणि विचारायचं, "आत्या, मिलोची भाकरी थापता यायची का गं?"

मिलो म्हणजे 1972च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. "थापतीय कसली! चिरा पडायच्या. उकळत्या पाण्यात पीठ मळायचं, तव्हा कुठं ती थापाया यायची." मग भाकरीवरून ती खडीवर येते. रस्त्याची, पाझर तलावाची दुष्काळी कामं निघाली होती. बाभळीला झोळी बांधून पोर झोपवायचं आणि हातोडा घेऊन खडी फोडायला बसायचं. कामावर मिळालेली सुकडी, म्हणजे भाजक्या पिठाचा कोरडा खाऊ, अर्धी पदराला बांधून ठेवायची. दगडाची कपची डोळ्यात उडू नये म्हणून पदर कसा ओढून घ्यायचा, हे तिने मला करून दाखवलं: पदराचं टोक दातात, कपडा नाकापर्यंत, खालून बोटभर फट. त्या फटीतून ती माझ्याकडे बघत होती. तेव्हा ती विशीतली होती, हे मला आधी ठाऊक असूनही त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

नुसतं विचारत राहिलं तर ती चौकशी होते. आपणही काहीतरी न्यायला हवं. मी तिला सांगितलं की, तशी कामं देणारी रोजगार हमी योजना पुढे 1977 साली आपल्या राज्याचा कायदा झाली, विधान परिषदेचे सभापती राहिलेल्या वि. स. पागे यांनी त्यासाठी जीव तोडून काम केलं, आणि 2005 साली देशभरासाठी कायदा झाला. तिने लगेच विचारलं, "बायांना गड्याइतकीच मजुरी लिहिलीय का त्यात?"

"लिहिलीय."

"आन देत्यात का?"

उरलेली दुपार त्यावर गेली. म्हाताऱ्या माणसाला आपण फक्त आठवणी मागतो, मत मागत नाही, हे मला फार खटकतं. आत्याला मतं आहेत, आणि ती माझ्यापेक्षा पक्की आहेत.

"तेच तेच सांगतात हो," हीही तक्रार असते. सांगू देत. सांगितलेल्या गोष्टीत न सांगितलेली जागा शोधावी. खडीची गोष्ट मी कितीदा तरी ऐकली होती. एकदा विचारलं, "तिथं प्यायला पाणी कुठून आणायचात?" ती म्हणाली, "पाण्याला काय तोटा? बहात्तरला हिरीत पाणी व्हतं, घरात दाणा नव्हता. आन परवाच्या दुष्काळात घरात दाणा, हिरीला खडखडाट." परवाचा म्हणजे 2013चा. गुरं छावणीत, माणसं टँकरच्या रांगेत. बहात्तरनंतर बोअर घेणं वाढत गेलं आणि जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलं गेलं, हे मी वाचलेलं होतं. तिने ते डोळ्यांदेखत आटताना पाहिलंय.

आम्ही तिच्या शेवटाबद्दलही बोलतो. घरात काहींना ते अभद्र वाटतं. मला उलट वाटतं; तिला काय हवं ते तिच्याच तोंडून ऐकून ठेवणं हे आपलं काम आहे. तिने स्पष्ट सांगितलंय: नळ्या लावून दवाखान्यात ठेवू नका, गावी आणा. हे मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, तिच्यासमोरच.

परवा ज्यांनी विचारलं त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. तर दादा, आज रात्री फोन कराल तेव्हा गोळ्यांचं नंतर विचारा. आधी विचारा की मुक्कामी गाडी घेऊन खेड्यात गेल्यावर तुम्ही झोपायचात कुठं, जेवण कोण द्यायचं, आणि तिकिटांची पेटी अन् पैशांची बॅग रात्री कुठं ठेवायचात.