तुम्ही विचारलंत म्हणून: टॉर असताना वर व्हीपीएन कशाला?

गावातली माणसं विचारतात, "काऊन बे, एवढं काय लपवतं तू?" अमरावती-नागपुरात शिकणारी पोरं विचारतात, टॉर आहे तर वर व्हीपीएन कशाला, डबल कुलूप का? दोघांनाही सांगून थकलो, म्हणून लिहून टाकतो. टॉर म्हणजे आपली ये-जा अनोळखी यंत्रांच्या साखळीतून फिरवून आपण कोण ते लपवणारं जाळं; व्हीपीएन म्हणजे तीच ये-जा एका कंपनीच्या सर्व्हरमधून झाकून नेणारी सेवा.

लपवण्यासारखं फारसं काही नाही. कापसाचे भाव, आईच्या गोळ्यांची माहिती, थोडं राजकारण. पण आमच्याकडे नेट कोण देतं? पलीकडच्या आळीतला केबलवाला. मी काय वाचतो ते त्याला दिसत नाही, कुठे जोडलो ते दिसू शकतं. टॉरच्या नेहमीच्या यंत्रांची यादी जाहीर असते, म्हणजे टॉर लावलं हे ओळखता येतं. आणि आमच्या गावात टॉर लावणारा दुसरा कोण?

डिसेंबर 2013 मध्ये हार्वर्डच्या एका विद्यार्थ्यानं परीक्षा टाळायला टॉरवरून बॉम्बची खोटी धमकी पाठवली. टॉर फुटलं नाही. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर कोण वापरत होतं एवढंच पाहिलं गेलं, आणि विचारल्यावर त्यानं कबूल केलं. मला धमक्या द्यायच्या नाहीत. पण तिथे एवढ्या मोठ्या विद्यापीठाची गर्दी पुरली नाही, आमचं गाव काय पुरणार?

म्हणून आधी व्हीपीएन, त्यातून टॉर. केबलवाल्याला व्हीपीएन दिसतं, आणि ते तर पोरं क्रिकेट पाहायलाही लावतात. यापलीकडे काही मिळत नाही. माझा नेटवरचा खरा पत्ता (आयपी) आणि मी टॉरला जातो हे आता व्हीपीएनवाल्याला कळतं. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या आदेशानं व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकाचं नाव-पत्ता 5 वर्षं ठेवणं आलं, त्यावर काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच काढले. त्यात पैसे यूपीआयनं भरले की राहिलं काय? उलट क्रम, म्हणजे टॉरमधून व्हीपीएन, मला त्याहून नकोसा: सगळी ये-जा एकाच खात्यावर, एकाच दारातून. टॉर प्रोजेक्ट स्वतःच म्हणतं, नीट कळत नसेल तर दोन्ही जोडू नका; टॉर लपवायचं तर ब्रिज, म्हणजे जाहीर यादीत नसलेलं टॉरचं यंत्र, वापरा. चार वर्षांपूर्वीचा मी यावर वाद घातला असता. त्याला वाटायचं, थर वाढले की माणूस दिसेनासा होतो.

मग पांदणीचं प्रकरण झालं.

माझ्या मित्राच्या वावराकडे जाणाऱ्या पांदण रस्त्यावर मुरूम टाकल्याचं बिल निघालं. मुरूम कुठेच नव्हता. त्यानं तक्रार लिहिली, निनावी, माझ्याच लॅपटॉपवरून. व्हीपीएन होतं, टॉर होतं, मेलचं खातंही नवं होतं. त्यात कुठेच चूक नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगतो. पण तक्रारीत एक वाक्य होतं: बिलात ट्रॅक्टरच्या फेऱ्यांची जी तारीख आहे, त्या दिवशी पांदणीच्या तोंडाशी मांडव होता, ट्रॅक्टर जाणं शक्यच नव्हतं. तो मांडव त्याच्या वडिलांच्या तेरवीचा होता. तक्रारीचा कागद फिरत गावात आला आणि त्याच संध्याकाळी पारावर त्याचं नाव घेतलं गेलं. आयपी पत्ता कोणी विचारलाच नाही.

पुढे शेजाऱ्यानं धुऱ्यावरून बंडी जाऊ देणं बंद केलं. ऐन वेचणीत त्यानं आणि वहिनींनी कापसाची गाठोडी डोक्यावर घेऊन डांबरीपर्यंत आणली. मी दोन दिवस मदतीला गेलो. वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. तो एवढंच म्हणाला, "तुह्या मशीननं तं काही नाही केलं." ते मला दिलासा म्हणून होतं की टोमणा, कळलं नाही.

ते वाक्य काढलं असतं तर? मग तक्रारीत उरलं काय असतं, मुरूम नाही एवढंच. तसं तर कोणीही लिहितं आणि कोणी वाचत नाही. पुरावा तोच होता, आणि नावही तिथेच होतं. यावर ना टॉर चालतं ना व्हीपीएन, आणि मला तरी तोड सापडलेली नाही.

मग व्हीपीएन काढून का टाकत नाही, असं विचाराल. ब्रिज लावून पाहतो आहे; आमच्या नेटवर जोडायला फार वेळ लागतो, तेवढ्यात लाइन जाते. तोवर व्हीपीएन राहील. केबलवाला महिन्याला पैसे न्यायला घरी येतो, आईच्या हातचा चहा पितो, भला पोरगा आहे. बिल पास करणाऱ्यांपैकी एक त्याचा सख्खा मामा आहे.