भिंतीलगतची जत्रा

बडोद्यात मे महिन्यात भर दुपारी गच्चीवर अनवाणी जाऊन दाखवावं कुणीतरी! आमच्या सोसायटीच्या भिंतीलगतची हिरवळ टँकरचं पाणी पिऊनही करपली. तिच्या जागी शेजारच्या काकूंनी ऑफिस टाइमच्या, म्हणजे चिनी गुलाबाच्या, काड्या खोचल्या. आता तिथे माती दिसत नाही. राणी, केशरी, पिवळी, नुसती जत्रा.

आज ऊन वर आल्यावर जवळ जाऊन बसले. फुलं उघडली होती (ढगाळ दिवशी मात्र महाराणी रुसून मिटलेल्याच). बारीक काडीने पुंकेसरांना डिवचलं, तर ते चक्क काडीच्याच दिशेने झुकले! मधमाशी समजले असावेत बिचारे.

मूळची ही दक्षिण अमेरिकेतली, ब्राझील-अर्जेंटिनाकडची. पाणी भरून ठेवायला गुबगुबीत पानं आहेतच. शिवाय पाण्याची फारच ओढ बसली की रात्रीच्या गारव्यात रंध्रं उघडून कर्बवायू साठवते आणि दिवसा तो वापरते. आणि आपल्या घोळीच्या भाजीची ही चुलत बहीण बरं का! काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग डाळ घालून करायची का गं?" म्हटलं, काकू, नको.

उन्हाचं हिला काही वाटत नाही, पण पाणी साचलं की देठ कुजतात. म्हणून पावसाआधी वाफ्यात रेती टाकायची आहे. काड्या हव्या असतील त्यांनी संध्याकाळी या. कात्री नको, नखाने खुडतात. पिशवी मात्र घरून आणा, असा काकूंचा हुकूम आहे.