सेंट स्टीफन्स हॉलमधील दोन पुतळे

लंडनच्या संसदभवनातील सेंट स्टीफन्स हॉलमध्ये मी सर्वप्रथम जमिनीत बसवलेल्या पितळी खुणा शोधल्या. 1834 च्या आगीपर्यंत कॉमन्स सभागृह येथेच भरत असे आणि सभापतींच्या खुर्चीची जागा या खुणा दाखवतात. 4 जानेवारी 1642 रोजी राजा पहिला चार्ल्स सशस्त्र शिपायांना दाराशी ठेवून या खुर्चीपर्यंत चालत आला. जॉन पिम, जॉन हॅम्पडन आणि आणखी तीन सदस्यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडायचे होते; ते आधीच निसटले होते. ते कुठे आहेत असे विचारल्यावर सभापती लेन्थॉल यांनी गुडघे टेकून उत्तर दिले, की सभागृहाच्या आज्ञेवाचून आपल्याला पाहायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही.

हॅम्पडन यांचा पुतळा याच दालनात आहे. 1629 पासून 11 वर्षे चार्ल्सने संसद बोलावलीच नाही आणि किनारी भागांकडून संकटकाळी घेतली जाणारी जहाजपट्टी, म्हणजे नौदलासाठीचा कर, देशाच्या अंतर्भागावरही लादली. हॅम्पडन यांनी 20 शिलिंग भरण्यास नकार दिला; 12 पैकी 7 न्यायाधीशांनी राजाच्या बाजूने कौल दिला, पण उरलेल्या पाचांमुळे हा विजय लंगडाच ठरला. पुढे स्कॉटलंडशी झालेल्या युद्धाने तिजोरी रिकामी झाली, संसद बोलवावी लागली आणि 1641 मध्ये ती पट्टी राजाच्याच संमतीने बेकायदा ठरली.

मग तंटा मिटला का नाही? माझ्या मते खरे कारण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात घडले. आयर्लंडमध्ये बंड उसळले, सैन्य उभारणे भाग पडले, आणि ते राजाच्या हाती दिले तर तो उद्या आपल्यावरच चालून येईल, ही भीती संसदेला ग्रासू लागली. मार्च 1642 मध्ये संसदेने राजाच्या संमतीविना सैन्यदलाचा ताबा घेणारा हुकूम काढला. 22 ऑगस्टला राजाने नॉटिंगहॅम येथे आपला ध्वज उभारला, म्हणजेच संसदेविरुद्ध युद्ध पुकारले.

त्या दालनात मी सर्वांत जास्त वेळ थांबलो तो लॉर्ड फॉकलंड यांच्या पुतळ्यापाशी. जहाजपट्टीला मान्यता देणाऱ्या न्यायाधीशांवर त्यांनीही याच सभागृहात कठोर टीका केली होती, तरीही संसद जुन्या कायद्याची चौकट मोडू लागली असे वाटून ते राजाकडे गेले. जून 1643 मध्ये हॅम्पडन चाल्ग्रोव्हच्या चकमकीतील जखमांनी मरण पावले, सप्टेंबरमध्ये फॉकलंड न्यूबरीच्या रणांगणावर पडले. बेकायदा करावर एकमत असलेली ही दोन माणसे तलवार कोणाच्या हाती असावी या एकाच प्रश्नावर दुरावली, याचे मला अतोनात दुःख झाले.

त्या प्रश्नाचा निकाल अखेर संसदेच्या विजयी सैन्यानेच लावला. डिसेंबर 1648 मध्ये राजाशी तडजोड करू पाहणाऱ्या सदस्यांना कर्नल प्राइडच्या शिपायांनी सभागृहात येऊ दिले नाही. उरलेल्यांनी नेमलेल्या न्यायालयासमोर, शेजारच्याच वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये, चार्ल्सने आपल्यावर खटला चालवण्याचा अधिकार कोणी दिला असे विचारले आणि आरोपांना उत्तर देण्याचे अखेरपर्यंत नाकारले. 27 जानेवारी 1649 रोजी त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला.