क्रूगरमध्ये ताशी वीस किलोमीटर

पहाटे पावणेसहाला स्कुकुझा कॅम्पच्या फाटकापाशी आमच्यापुढे सात गाड्या लागलेल्या होत्या. जुलै म्हणजे तिकडचा हिवाळा. आईनं स्वेटरवर शाल आणि शालीवर माझं जॅकेट चढवलं होतं, पण चहा मात्र अर्धाच कप घेतला होता. ते आदल्या रात्रीच ठरलं होतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात ठरवून दिलेल्या जागा सोडल्या तर गाडीतून पाय खाली ठेवता येत नाही. सत्तरीच्या बाईला घेऊन निघताना नकाशावर सिंहाआधी स्वच्छतागृहं शोधावी लागतात.

आम्ही नागपूरचे. ताडोबा पाहिलेल्या माणसाला जिप्सी, चालक, गाइड आणि मागे बसून "दिसला का?" विचारणं एवढंच ठाऊक असतं. क्रूगरमध्ये मात्र आपली गाडी आपणच चालवत हिंडता येतं. दादा जोहान्सबर्गला नोकरीला असतो, तिथून हे पाचेक तासांवर. त्याला दुर्बीण सोडायची नव्हती, म्हणून भाड्याची गाडी माझ्या नावावर घेतली. आपलं लायसन्स इंग्रजीत आणि फोटोसकट असल्यामुळे अडलं नाही, आणि वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. चूक एकच केली, पैसे वाचवायला बुटकी हॅचबॅक घेतली. वाळलेलं गवत नेमकं खिडकीच्या उंचीचं असतं. जाणार असाल तर उंच गाडी घ्या.

सहाला फाटक उघडलं. साबी नदीच्या कडेकडेनं लोअर साबीपर्यंत साधारण ४५ किलोमीटर डांबरी रस्ता आहे. डांबरीवर ताशी ५० आणि मातीच्या रस्त्यावर ४० ही मर्यादा, पण ५०नं गेलात तर फक्त रस्ताच दिसतो. मी विशीवर आले तेव्हा कुठे झुडपांतून कान, शेपट्या, पाय सुटे दिसायला लागले. पहिला तासभर इम्पालाच इम्पाला. आई म्हणाली, "ही आपली चितळंच की, ठिपके पुसलेली." त्यानंतर दादानं त्यांचे फोटो काढणं बंद केलं.

पुढे चार गाड्या तिरक्या उभ्या दिसल्या. इथे गर्दी हाच गाइड. शेजारच्या गाडीतल्या आजोबांनी काच खाली करून नदीकडच्या झाडाकडे बोट केलं. बिबट्या! म्हणजे बिबट्याची शेपटी. बाकीचा बिबट्या फांदीआड. चाळीस मिनिटं आम्ही ती शेपटी पाहिली. एकदा ती हलली तेव्हा चारही गाड्यांत कुजबुज झाली.

न्कुहलू हे वाटेतलं उतरायचं ठिकाण. आईनं कधीपासून धरून ठेवलेली दशमीची पुरचुंडी सोडली आणि दुसऱ्याच क्षणी एक व्हर्व्हेट माकड टेबलावर येऊन वरची दशमी घेऊन झाडावर. माकडांना खायला देऊ नका अशी पाटी समोरच होती. आई म्हणाली, "मी कुठे दिलं? त्यानंच घेतलं."

गेंडा दिसला तो त्यानंतर. कुठे, ते लिहीत नाही. रस्त्यापासून पन्नासेक पावलांवर, पाठमोरा, गवतात तोंड खुपसून चाललेला. म्हणजे पांढरा गेंडा. काळा झुडपांचा पाला ओरबाडतो, पांढरा रुंद ओठांनी गवत कातरतो. आम्ही इंजिन बंद केलं तर त्याच्या चरण्याचा कराकरा आवाज येत होता. तो वळला तसं आई पुटपुटली, "अगं, याचं शिंग कुठे गेलं?" नाकावर नुसता सपाट खुंट होता. चोरट्या शिकाऱ्यांनी मारू नये म्हणून उद्यानवालेच बेशुद्ध करून शिंग कापतात, दादानं सांगितलं. आपल्या नखांसारखंच केराटिन असतं, पुन्हा वाढतं, मग पुन्हा कापायचं. आई बराच वेळ काही बोलली नाही.

लोअर साबीजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोडे आणि मगरी गाडीतूनच, अगदी काठावरून दिसतात. तिथे दुपार गेली. थोडी जास्तच गेली. जुलैत फाटकं साडेपाचला बंद होतात आणि उशीर झाला की दंड. आम्ही हिशोब ५०च्या वेगानं केला होता. त्या हिशोबात हत्ती नव्हता.

वळणापलीकडे एकटा सुळेवाला रस्त्याच्या मधोमध आमच्याच दिशेनं येत होता. दादा व्हिडिओ काढायला लागला. आई म्हणाली, "ते गंडस्थळ बघ, ओलं आहे. माजावर आलाय. गाडी मागे घे." तिनं जन्मात रानटी हत्ती पाहिला नव्हता, पण शब्द तिच्याकडे होते. डोळा आणि कानाच्या मध्ये खरंच काळा ओघळ होता, मागचे पायही ओले. मी रिव्हर्स टाकला. हॉर्न नाही, दिवे नाहीत. तो चालेल तेवढं मागे, तो थांबला की आम्ही थांबायचं. मान मागे वळवून अशी किती गाडी नेली कोण जाणे, खांदा दोन दिवस दुखत होता. शेवटी त्याला डावीकडचं एक झाड आवडलं आणि तो रस्ता सोडून उतरला. घड्याळात पाच वाजायला दहा कमी.

फाटकातून आत आलो तेव्हा पाच बावीस.

कॅम्पात नकाशाचा एक फळा असतो. ज्याला जे दिसलं त्यानं त्या जागी रंगीत खूण लावायची. आईनं हत्तीची लावली, बिबट्याची लावली ("शेपटीला अर्धी नाही का?") आणि गेंड्याची शोधायला लागली. ती नव्हतीच. फळ्यावर गेंडे दाखवतच नाहीत, दादा म्हणाला, वाचणारा कोण असेल सांगता येत नाही.

रात्री नागपूरच्या मावशीचा व्हिडिओ कॉल आला. आईनं माकडापासून सुरुवात केली, हत्तीचं रंगवून सांगितलं, मग मोबाइल तोंडाजवळ धरून आवाज खाली आणला.

"आणि गेंडा दिसला. कुठे ते विचारू नकोस."